ड्रमातला चिकू आणि अकरा महिने

माझ्या आईचं माझ्याबद्दल एक मत होतं आणि ते तिने शेवटपर्यंत बदललं नाही: हिच्या पायाला भिंगरी आहे. गिरणगावातल्या चाळीत, दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही आठ माणसं राहायचो. तिथे भिंगरी फिरायला जागाच नव्हती, म्हणून मी फळीवरचे डबे इकडचे तिकडे करायचे. मग आईला हळद सापडायची नाही आणि मला धपाटा मिळायचा.

लग्नानंतर काही वर्षं सासरी काढली. धाकट्या दिराचं लग्न ठरलं तेव्हा तिथली जागा अपुरी पडायला लागली आणि आम्ही तिघं, म्हणजे मी, नवरा आणि सहा वर्षांची मुलगी, भाईंदरला भाड्याने राहायला आलो. दोन हजार एक साल संपत आलं होतं. भाड्याचं घर अकरा महिन्यांच्या करारावर मिळतं हे मला तेव्हा कळलं. अकरा महिने झाले की करार नवा करायचा, नाहीतर गाशा गुंडाळायचा. बहुतेक लोक कुरकुरत करार नवा करतात. मी गाशा गुंडाळायचे. खरं सांगायचं तर हा नियम कुणीतरी माझ्यासाठीच लिहिला असावा असं मला वाटायचं. नवव्या महिन्यापासून मला घरात करमेनासं व्हायचं आणि दहाव्या महिन्यात मी रविवारी संध्याकाळी 'जरा फिरून येते' म्हणून दलालाकडे जाऊन बसायचे.

कारण प्रत्येक वेळी सबळ असायचं. एका घरात नळाला जेमतेम पाऊण तास पाणी. दुसऱ्यात शेजाऱ्यांशी पटत नाही. तिसऱ्यात डास. नवरा कधी वाद घालायचा नाही. तोंडावर मी त्याला 'अहो'च म्हणते, पण कागदावर 'तो' म्हणायची मुभा घेते, कारण मनातल्या मनात मी त्याच्याशी तसंच भांडत आलेय. तो एका औषधांच्या कारखान्यात पॅकिंगच्या पट्ट्यावर सुपरवायझर होता. दिवसभर उभा. घरी आला की भिंतीला पाठ लावून बसायचा आणि मी सामान हलवत असले की पाय वर उचलून घ्यायचा. माझ्या भिंगरीबद्दल त्याची एवढीच तक्रार.

त्याने स्वतःहून काही मागितलं असेल तर ते एक झाड. पहिलं घर खारी गावाच्या अंगाला, तळमजल्यावर होतं. आल्यावर दोनेक महिन्यांनी आम्ही एका रविवारी उत्तनला गेलो होतो. समुद्र बघून परत येताना रस्त्याकडेला एका ख्रिस्ती म्हाताऱ्याची भाजीची वाडी लागली. मी मुळा आणि लाल माठ घेत होते. नवरा मागे विहिरीपाशी जाऊन उभा राहिला. तिथे काळ्या पिशव्यांत कलमं ओळीने लावून ठेवली होती. त्यातलं एक, गुडघ्याएवढं, चिकूचं, तो बघत राहिला. त्याच्या लहानपणी घोलवडच्या मावशीकडे चिकूची झाडं होती आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत तो त्यांच्या खाली झोपायचा, हे मला लग्नाला आठ वर्षं झाल्यावर त्या वाडीत कळलं.

"हे ड्रममध्ये होईल का?" त्याने विचारलं. "आमचं घर भाड्याचं आहे."

म्हाताऱ्याने त्याच्याकडे आणि मग माझ्याकडे बघितलं. "ड्रमात व्हईल," तो म्हणाला. "खिरनीच्या खुंटावर बांधलेला हाय, मरनार न्हाय. पन याची जागा सारकी सारकी बदलू नको. झाडाला तोंड असते. जी बाजू उगवतीला हाय ती उगवतीलाच ठेव." आणि त्याने चुन्यात बोट बुडवून पिशवीच्या एका बाजूला ठिपका काढून दिला.

नवऱ्याने ते वाक्य देवाच्या तीर्थासारखं घेतलं. कारखान्यातून निळा प्लास्टिकचा ड्रम आणला, अर्धा कापला, गॅसवर सळई तापवून बुडाला भोकं पाडली. घरभर जळक्या प्लास्टिकचा वास दोन दिवस गेला नाही. लाल माती, शेणखत, वर कडुनिंबाची पेंड. आणि ड्रमवर उगवतीच्या बाजूला पांढऱ्या ऑइलपेंटचा, रुपयाएवढा ठिपका. पहिल्या वर्षी आलेली फुलं खुडून टाकायची असं म्हाताऱ्याने सांगितलं होतं, तर याने तीसुद्धा एक एक करून खुडली आणि कागदावर मांडून मला दाखवली. मी म्हटलं, बरं. माझं लक्ष तेव्हा दुसऱ्या घरात होतं.

दुसरं घर मोरव्याच्या बाजूला, भाईंदर पश्चिमेला. तिथली गॅलरी मावळतीकडे. आता ठिपका उगवतीला ठेवायचा म्हणजे झाडाची सगळ्यात डेरेदार बाजू घराच्या भिंतीला टेकणार. मी म्हटलं, अहो, फिरवा की जरा, बाहेरच्या बाजूला ऊन आहे. तो म्हणाला, तोंड बदलायचं नाही. महिन्याभरात भिंतीकडची पानं पिवळी पडून गळायला लागली. तो कारखान्यात गेला की मी ड्रमखाली फडकं सरकवून तो अर्धा फिरवायचे. संध्याकाळी तो आला की काही न बोलता परत ठिपका भिंतीकडे करायचा. त्या झाडाची काय अवस्था झाली असेल देव जाणे. सकाळी एक देश, संध्याकाळी दुसरा.

तिथेच मासळीच्या पाण्याचं प्रकरण झालं. कोळंबी साफ केलेलं पाणी झाडाला चांगलं असतं, ते आमच्याकडे सगळेच घालतात. वरच्या मजल्यावर कांदासुद्धा न खाणारं कुटुंब होतं. सेक्रेटरी दारात आले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "भाभीजी, थोडा स्मेल का देखिए ना." नवऱ्याने त्याच दिवसापासून ते पाणी बंद केलं आणि वर जाऊन माफीही मागून आला. विषय संपला होता. पण मला कारण मिळालं होतं. अशा माणसांत राहायचं नाही, असं मी ठणकावून सांगितलं आणि दलालाकडे गेले. तेव्हा झाडाला वाटाण्याएवढी फळं धरली होती. निघायच्या दिवशी हमालांनी ड्रम टेम्पोत चढवला, काशिमिऱ्याच्या दिशेने जाताना रस्ता खोदलेला होता, आणि नव्या घरी उतरवला तेव्हा सगळी फळं ड्रमच्या मातीवर पडलेली होती. नवऱ्याने ती वेचून मातीतच दाबली. खत होईल, म्हणाला.

तिसऱ्या घरातून निघताना एकच फळ होतं, सुपारीएवढं. ते टेम्पोतून सुखरूप उतरलं. आम्ही त्याचं कौतुकही केलं. तिसऱ्या दिवशी सकाळी ते गळलेलं सापडलं.

चौथं घर पुन्हा भाईंदर पूर्वेला, तिसऱ्या मजल्यावर. तिथली गॅलरी आग्नेयेकडे होती, आणि पहिल्यांदाच ठिपका आणि गॅलरी यांची कुंडली जुळली. त्या घरात राहायला आल्यावर मुलीने तिच्या खेळण्यांचा खोका उघडलाच नाही. मी दोनदा सांगितलं. ती म्हणाली, "परत भरायचाच आहे ना." नऊ वर्षांची होती. मी तिला ओरडले, आणि नंतर स्वयंपाकघरात जाऊन उगाच मिक्सरची जागा बदलली. मला त्या वाक्याचा फार राग आला होता, कारण ते खरं होतं.

तेव्हा मी ठरवलं की आता स्वतःचं घर. एकदाचं घेतलं की ही भिंगरी थांबेल, असं मला मनापासून वाटत होतं. मीरारोडला नव्या इमारती उठत होत्या. एका बिल्डरच्या ऑफिसात आम्ही दोघं गेलो, सातव्या मजल्यावरचा वन बीएचके पसंत केला. टेबलावर नकाशा पसरलेला होता. हॉलच्या खिडकीबाहेर अडीच फुटांची एक पट्टी होती आणि तिच्यात बारीक बारीक फुलं काढली होती. ऑफिसातला माणूस म्हणाला, तो फ्लॉवर बेड. नवऱ्याने त्या फुलांवर बोट ठेवलं. "इथे ड्रम," तो म्हणाला. अख्ख्या नकाशात त्याने तेवढंच बघितलं.

घर तयार व्हायला दीड वर्ष लागणार होतं. एवढ्यासाठी पुन्हा सामान हलवण्यात अर्थ नव्हता, म्हणून आयुष्यात पहिल्यांदा मी करार नवा केला. ते महिने मी कसे काढले ते माझं मला माहीत. दर आठवड्याला काहीतरी हलवायचे, कधी पलंग, कधी टीव्ही. शनिवारी माझं ऑफिस अर्धा दिवस असायचं, मग दुपारी मीरारोडला जाऊन आपला सातवा मजला किती वर आलाय ते खालून मान मोडेपर्यंत बघायचे. नवऱ्याला शनिवारी सुट्टी नसायची. आणि झाडाला तर काय, हवंच होतं. एका जागी दुसरं वर्ष लागलं आणि ते माझ्या खांद्यापर्यंत आलं.

गणपती झाल्यावर फुलं आली. चिकूचं फूल नावालाच फूल. केसाळ तपकिरी कळी, तिच्या टोकाला जरासा पांढुरका रंग, मान खाली. बरीचशी गळली. दिवाळीनंतर सात राहिली आणि ती मात्र धरली. सात फळं. संक्रांतीपर्यंत लिंबाएवढी झाली. कावळे टोचतील म्हणून नवऱ्याने प्रत्येकाला मुलीचा एकेक जुना शाळेचा मोजा घातला. खालून जाणारी माणसं वर बघायची. शेजारच्या बाईने मला विचारलं, "आप लोग पेड़ पे कपड़े सुखाते हो?" मी हसले. नवरा रोज सकाळी दूध आणायच्या आधी मोजे मोजायचा. जूनमध्ये तयार होतील, तो सांगायचा, चिकूला नऊ-दहा महिने लागतात.

बिल्डरचा निरोप मार्चमध्ये आला. पाडव्याला ताबा.

"जूनपर्यंत थांबू या का?" नवऱ्याने विचारलं. जेवताना विचारलं, ताटाकडे बघत.

"कशाला?"

"चिकू आहेत."

"म्हणजे स्वतःचं घर तयार असताना चिकूसाठी इथे बसायचं? आणि गुढी कुठे उभारायची, घरमालकाच्या दारात?"

"घरमालक तीन महिने वाढवून देतोय. मी विचारलंय."

तो आधीच विचारून आला होता, हे ऐकून माझं डोकं आणखीच तडकलं. माझं म्हणणं काही चुकीचं नव्हतं, आजही मला तसंच वाटतं. चाळीतून निघाल्यापासून मी ज्या दाराची वाट बघत होते त्याला कुलूप लावून तीन महिने दुसऱ्याच्या गॅलरीत सात फळांची राखण करत बसायचं? शेजारी हसले असते. पण मी जे पुढे बोलले ते बोलायला नको होतं. मी म्हटलं, "झाड काय, तिकडेही न्यायचंच आहे. गळले तर गळले. पुढच्या वर्षी येतील."

तो उठला, ताट धुऊन ठेवलं आणि गॅलरीत गेला. मी आत भांडी घासत राहिले, कारण मला एक गोष्ट माहीत होती आणि त्याला ती माहीत नव्हती.

डिसेंबरातल्या एका शनिवारी मी साइटवर गेले होते. बिल्डरच्या माणसाने मला हॉल दाखवला आणि म्हणाला, "मॅडम, फ्लॉवर बेडचं काय करायचं? सगळेच आत घेतायत. लेव्हल करून टाइल्स लावून देतो, खिडकी बाहेर सरकवतो. हॉल अडीच फूट वाढेल." मी विचारलं, सगळे म्हणजे? तो म्हणाला, "सगळेच. माती ठेवून काय करणार?" मी इतर मजल्यांवर जाऊन बघून आले. खरंच सगळ्यांनी आत घेतलं होतं. मग मी पावलं टाकून हॉल मोजला. अडीच फूट. दहा बाय बाराच्या खोलीत आठ जणांबरोबर वाढलेल्या बाईला कुणी अडीच फूट जमीन देतोय, आणि तिने ती मातीला सोडायची? माझ्याच्याने ते होणं शक्य नव्हतं. मी कागदावर सही केली. नवऱ्याने त्याच पट्टीवर बोट ठेवलं होतं हे मला सही करताना आठवत होतं. विसरले असते तर बरं झालं असतं. घरी येऊन मी काही बोलले नाही. नंतर सांगू, नंतर सांगू करत मार्च आला.

ताबा मिळायच्या आदल्या रविवारी आम्ही घर बघायला गेलो. त्याने खिशात मोजपट्टी घेतली होती. मुलगी खोल्यांतून धावत होती आणि तिचा आवाज घुमत होता. तो सरळ खिडकीपाशी गेला. सरकती काच उघडली, बाहेर वाकून खाली बघितलं, मग आत बघितलं. पायाखालच्या टाइल्सवर जिथे जुनी भिंत होती तिथे एक बारीक रेघ राहिली होती. तो त्या रेघेच्या पलीकडे उभा होता. मोजपट्टी त्याने उघडलीच नाही.

"हॉल मोठा झाला," तो म्हणाला.

"सगळ्यांनीच घेतलंय आत," मी म्हटलं. "आपण हॉलमध्ये ठेवू ड्रम. खाली मोठा ट्रे घेऊ."

"आत ऊन येत नाही."

"मग गच्चीवर."

"गच्चीची किल्ली बिल्डरकडे आहे." म्हणजे तो तेही विचारून आला होता. मग त्याने मुलीला हाक मारली आणि आम्ही निघालो. रिक्षात तो एकदाही चिडला नाही. तो चिडला असता, मला चार शब्द बोलला असता, तर मी माझ्या अडीच फुटांसाठी भांडले असते. माझी सगळी तयारी होती.

सामान हलवायच्या दिवशी ड्रम टेम्पोत चढला नाही. झाड इथेच राहू दे, तो म्हणाला, फळं उतरेपर्यंत तरी. घरमालकाला हरकत नव्हती. नवीन भाडेकरू राजस्थानकडचं एक जोडपं होतं, लग्नाला वर्षच झालेलं. नवऱ्याने त्यांना पाणी किती, कधी, मोजे का, ठिपका कशासाठी, सगळं मोडक्या हिंदीत समजावून सांगितलं. मला वाटलं, सुटलो. पाडव्याला आमच्या नव्या खिडकीत गुढी उभी राहिली आणि मी सगळ्यांना हॉल फिरून दाखवला.

पुढच्या रविवारी सकाळी तो पिशवी घेऊन निघाला. कुठे, म्हटलं. झाडाला पेंड घालून येतो. त्याच्या पुढच्या रविवारीही. जेवायच्या वेळेला परत यायचा, कधी तीन वाजायचे. मी काही बोलायची नाही, कारण बोलायला मला तोंड नव्हतं. स्वतःच्या घरात मी आता शांत बसेन असं मला वाटलं होतं. पहिल्या महिन्यात मी सोफा तीन भिंतींना लावून बघितला. दुसऱ्या महिन्यात फ्रिज बाहेर आणला आणि परत आत नेला. त्या वाढीव अडीच फुटांत काय ठेवायचं तेच कळेना. सोफा ठेवला तर पाठीला काचेतून ऊन लागायचं. टीपॉय ठेवला तर वाट अडायची. रविवारी दुपारी नवरा घरी असला तर पलंगावर आडवा व्हायचा, आणि मी काहीतरी ओढायला लागले की उठून बसायचा. मे महिन्यात एक दिवस बसस्टॉपवर उभी असताना मी समोरच्या होर्डिंगवरचा टू बीएचकेचा नकाशा वाचत होते. माझं मलाच कळलं आणि मी भीतीने तोंड फिरवलं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात नवऱ्याला ताप आला. शनिवारी रात्रभर अंग तापत होतं, रविवारी उठवेना. तो मला म्हणाला, "आज तू जाऊन येतेस का? मोजा काढून नखाने जरासं खरडून बघ. आत पिवळं दिसलं तर काढ. हिरवं दिसलं तर हात लावू नकोस, पुढच्या रविवारी मी बघेन. हिरवा काढलेला चिकू पिकत नाही." हे त्याने मला दोनदा सांगितलं. मी म्हटलं, मला कळतं.

त्या घरी मी पहिल्यांदाच पाहुणी म्हणून गेले. बाईने दार उघडलं, आत बसवलं, पाणी दिलं. तिने आमचा पलंग होता तिथे स्टीलचं कपाट ठेवलं होतं आणि ते तिथे चांगलं दिसत होतं. मी गॅलरीत गेले. झाड तजेलदार होतं. ड्रमच्या बाजूला एक चटई गुंडाळून उभी केलेली होती.

"वो भाईसाब की है," ती म्हणाली. "आते हैं, पानी डालते हैं, फिर यहीं सो जाते हैं. एक घंटा, कभी डेढ़ घंटा. मैं चाय ढक के रखती हूँ. मेरे पापा भी ऐसे ही सोते हैं, मुँह खुला रख के." आणि ती हसली. तिच्या मनात काही नव्हतं.

मी चटईकडे बघत राहिले. मला वाटलं होतं, तो रागावून जातो. मला वाटलं होतं, माझी चूक मला दाखवायला जातो. तर तो झोपायला येत होता. दुसऱ्याच्या घरात, फरशीवर, अनोळखी बाईच्या ओल्या कपड्यांखाली. आमच्याकडे गादी होती, पंखा होता, अडीच फूट जास्तीचा हॉल होता. मला त्या हसणाऱ्या बाईचाही राग आला.

मी पहिला मोजा काढला. नखाने खरडलं. हिरवं. दुसरा खरडला, हिरवाच, कडेला कुठे पिवळट असेल नसेल. तिसरा हिरवा. पुढचे चार मी खरडलेच नाहीत. मी देठ पिरगाळून सातही काढले. पांढरा चीक बोटांवर आला, फरशीवर ठिबकला.

"पक गए?" बाईने विचारलं.

"हाँ," मी म्हटलं. "पक गए." आणि मनात म्हटलं, आता बघू कशाला येतोस ते. हे मी आज लिहितेय, पण त्या क्षणी ते इतकं स्पष्ट शब्दांत माझ्या मनात आलं होतं, त्यामुळे पिकलेत असं मला खरंच वाटलं अशी पळवाट मला नाही.

घरी येऊन मी पिशवी त्याच्या उशापाशी ठेवली. तो कोपरावर उठला. एक चिकू हातात घेतला, अंगठ्याने वरची भुकटी पुसली, नखाने खरडला. मग दुसरा.

"पिवळे होते?" त्याने विचारलं.

"होते की. थोडे."

त्याने माझ्याकडे बघितलं. ताप होता म्हणून की कशाने, त्याचे डोळे लाल होते. मग त्याने मुलीला हाक मारून तांदळाचा डबा आणायला सांगितला आणि सातही चिकू एकेक करून तांदळात खुपसले, वरून तांदूळ सारखे केले.

मी दिवसातून चार वेळा डबा उघडायची. तो एकदाही उघडायचा नाही. दोन दिवस झाले, चार झाले. चिकू दगडासारखे. पाचव्या दिवशी सालीला सुरकुत्या पडल्या, पण दाबले तर तसेच. शेवटी शनिवारी दुपारी घरात कुणी नसताना मी एक कापला. आत पांढरट हिरवा, सुरीला डिंक लागला. मी तो खाल्ला. तोंड तुरट होऊन ओठ एकमेकांना चिकटले, तरी मी तो सगळा, सालीसकट, संपवला. मग ओट्यापाशी उभी राहून रडले. सात फळांसाठी नाही रडले. साडेचार वर्षांत त्या माणसाने माझ्याकडे फक्त थांबणं मागितलं होतं, आणि तेवढं सोडून मी बाकी सगळं केलं होतं.

संध्याकाळी तो आल्यावर मी त्याला सांगितलं. "मी हिरवे बघूनच काढले."

"माहितीये," तो म्हणाला.

"तुम्ही तिथे जाऊ नये म्हणून काढले."

तो बुटांची लेस सोडायला लागला. "तेही वाटलं मला," तो म्हणाला. आणि चहा मागितला.

दुसऱ्या दिवशी रविवार. मी सकाळपासून त्याच्या हालचालीवर नजर ठेवून होते. त्याने दाढी केली, पेपर वाचला. दहा वाजता पिशवी घेतली आणि दारात जाऊन सँडल घालायला लागला.

"कुठे?" मी म्हटलं. "फळं तर काढली."

"झाड आहे ना अजून."

मी दाराची कडी धरून उभी राहिले. मागे हॉल होता, त्यात सोफा पुन्हा एकदा अर्धा ओढून ठेवलेला. मी विचारलं, "मी येऊ?"

त्याने सँडलचा पट्टा लावला. दुसऱ्या पायाचाही लावला. "ये," तो म्हणाला. "पण तिथे नुसतं बसायचं. काही हलवायचं नाही."

मुलीला शेजारी सोडून आम्ही गेलो. त्याने पाणी घातलं, सुकी पानं काढली, रिकामे मोजे घडी करून पिशवीत ठेवले. मग चटई पसरून आडवा झाला आणि दहा मिनिटांत त्याला झोप लागली, तोंड उघडं ठेवून. बाईने माझ्यासाठी प्लास्टिकचं स्टूल आणि चहा आणून दिला. कपड्यांची दोरी एका टोकाला सैल पडली होती, ती ओढून घट्ट करावी असं मला सारखं वाटत होतं. एक ओला टॉवेल तर घसरून खालीच यायला आला होता. माझे पाय आपोआप हलत होते, ते मी एकमेकांवर दाबून धरले. हात मांडीखाली घेतले. घड्याळ बघितलं तर सात मिनिटं झाली होती. मग पुन्हा बघितलं नाही.

तासाभराने त्याने डोळे उघडले. आधी झाडाकडे बघितलं, मग मान वळवली आणि मी स्टुलावर दिसल्यावर कोपरावर उठून बसला.

"तू आहेस अजून?" तो म्हणाला.